कापसातला खड्डा

२ डिसेंबर १९६२, बोरी अरब
मुंबईहून पत्र आलं. संशोधनाची जागा मिळाली! पंधरापर्यंत होकार कळवायचा. अक्काला वाचून दाखवलं. आई गेल्यापासून ही थोरली बहीणच माझी आई. सरकी काढायच्या जिनात कापूस तुडवून मला एम.एस्सी. केलं.
"कायचं संशोधन?"
पोलॅरॉनचं, म्हटलं. तिनं भाकर उलटवली. "पुढं सांग."
पुढं कसं सांगू? तोंडी परीक्षा परवडली.

४ डिसें.
तिच्यासोबत जिनात. कापसाच्या गंजीवर चढवलं मला. दोन पावलांत गुडघ्यापर्यंत आत! बायका फिदीफिदी. तिथंच सुचलं.
"अक्का, हे गंजी म्हणजे स्फटिक. इलेक्ट्रॉन आला का भोवतालचे अणू सरकतात, खड्डा पडते. थो चालला का खड्डाही संगं चालते, म्हणून थो जड होते. दोघं मिळून पोलॅरॉन."
"मंग खड्डा सोडून काहून नाही जात थो?"
"सोडताच येत नाही ना वं."
ती माझ्या पायाखालच्या खड्ड्याकडं बघत राहिली. समजलं वाटतं. काय आनंद झाला म्हणून सांगू!

७ डिसें.
सकाळी अक्का घरात नाही. चुलीपाशी वरण झाकलेलं, माझी पेटी भरून दाराशी.
शेजारच्या गंगाकाकू म्हणाल्या, "महागावले गेली, मामाकडं. म्हणे, पोरीचा खड्डा मीच हाओ. मी बाजूले झाली का हलकी होईन ते."
अर्धंच शिकवलं मी. रडले. मग तिच्यावर चिडले. मग परत रडले.

८ डिसें., महागाव
मामांच्या अंगणात तूर पाखडत होती. वर न बघताच, "जेवली का?"
माझा तोल सुटला. "खड्डा वाईट असते असं कोणं सांगतलं तुले? जड होते, पण चालते ना थो! अन् खड्डा काढला तं पोलॅरॉनच नाही राहत!"
सूप थांबलं.
"हे त्या दिशी काहून नाही सांगतलं?"
मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. माझ्या केसांना लागलेला तुरीचा भुसा ती काढत बसली.

१२ डिसें., बोरी
काल दोघी परत आलो. होकार टपालात टाकला. "तू येतं ना संगं?" विचारलं, तर म्हणे, "तिथं गंजी असते का?"
दुपारी तिनं माझी पेटी उघडली, आपलं एक लुगडं आत ठेवलं. थोड्या वेळानं काढलं.
आता संध्याकाळ. लुगडं आत नाही, दांडीवरही नाही. घडी घालून पेटीच्या झाकणावर ठेवलंय. मी हात लावलेला नाही.