दोन फूट बाय दीड फूट

३ मार्च, मंगळवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

स्टुलावर उभा राहून मधल्या खोलीचे छत मोजत होतो. पेन्सिल दातांत होती म्हणून दादाला उत्तर देता आले नाही. तो खाटेवरून म्हणाला, "काय रे, मला वर टांगायचा विचार आहे का?"

लांबी अकरा फूट दोन इंच. रुंदी नऊ फूट. जमिनीपासून पत्र्यापर्यंत साडेनऊ फूट. डावी-उजवीकडे शेजाऱ्यांच्या भिंती, पुढे बाहेरची खोली, मागे स्वयंपाकघर. खिडकी नाही, आणि काढायला जागाही नाही. उजेड आणायचा तर वरूनच.

हे आजच का सुचले तेही लिहून ठेवतो. काल मी कामावरून आलो तेव्हा दादाने विचारले, "सकाळ झाली का रे?" संध्याकाळचे सहा वाजले होते. झोपून उठला होता, त्याला वाटले रात्र सरली. मी वेळ सांगितली. तो हसला. म्हणाला, "बल्बला सकाळ नसते ना."

तेरा वर्षे छपरांवर काम केलेला माणूस. साडेचार महिने एका बल्बखाली पडून आहे.


४ मार्च

मिस्त्रींना विचारले. दादा त्यांच्याच हाताखाली पत्रे बसवायचा, आता मी बसवतो. त्यांनी माझ्याच पेन्सिलीने विटेवर हिशेब मांडला. दोन फूट बाय दीड फूट काच, आठ मिलीची, भट्टीतून काढलेली म्हणजे सहजी न फुटणारी: २,६००. पत्र्याची चौकट आणि पाणी वळवायची झालर: १,१५०. सिलिकॉनच्या दोन नळ्या: ३८०. स्क्रू आणि वायसर: १२०. त्यांची मजुरी दीड हजार. एकूण ५,७५०. मी दोनदा बेरीज केली.

मिस्त्री म्हणाले, "एवढं कशाला? प्लास्टिकचा उजेडाचा पत्रा टाक एक. हजारात काम होतं."

मी म्हटले, "नको."

त्यांनी वीट पायाने उलटी केली. म्हणाले, "बरं. काचच घालू."


६ मार्च

आईला सांगितले. ती भाकरी थापता थापता थांबली. "छपराला भोक? या घराच्या? अजून हौस फिटली नाही का तुमची?"

तिचे म्हणणे मला कळते. गेल्या सप्टेंबरात दादा गोदामाच्या छपरावरून पडला. छपराच्या मधूनच पडला. असल्या गोदामांना लोखंडी पत्र्यांमध्ये काही पत्रे प्लास्टिकचे असतात, आत उजेड यावा म्हणून. जुने झाले आणि वर धूळ बसली की वरून दोन्ही सारखेच दिसतात. लोखंडी पत्रा माणूस पेलतो. उजेडाचा पेलत नाही. दादाचा पाय उजेडाच्या पत्र्यावर पडला. बावीस फूट. कमरेखाली आता काही कळत नाही.

"उजेडानेच घात केला माझ्या पोराचा," आई म्हणाली. "आता तोच घरात आणून बसव."

आतून दादा ओरडला, "तिला सांग, पत्र्याने घात केला. उजेडाने काही केलेलं नाही."

"त्याला सांग, तू गप्प बस. बोलायचं तिथे बोलून झालंय तुझं."


७ मार्च

दोघांचे असेच चालते. "त्याला सांग, चहा झाला." "तिला सांग, ऐकू आलं." मध्ये चार फुटांचे अंतर आणि एक पडदा. मी टपालखाते.

आई त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवते. अंग पुसते, चादर बदलते, पाठीला पावडर लावते. एक दिवस चुकवलेला नाही. फक्त बोलत नाही. इस्पितळात भरपाईवाले साहेब कागद घेऊन आले होते तेव्हापासून. त्यांनी विचारले, उजेडाच्या पत्र्यांवर खुणा केलेल्या होत्या का? खुणा नसत्या तर चूक कंत्राटदाराची, आणि साडेचार लाख मिळाले असते. दादाने सांगितले, "होत्या. मीच घाई केली." आणि अंगठा नाही, चांगली सही केली.

आई बाहेर बाकावर बसली होती. तिला नंतर कळले. ती एवढेच म्हणाली, "सत्यवान जन्माला आलाय माझ्या पोटी."


८ मार्च

खुणा मी केल्या होत्या.

आजवर हे कुठेच लिहिले नाही. आज लिहितो, कारण छत मोजल्यापासून झोप लागत नाही.

आमच्या कामात नियम असा: माणसे वर चढण्याआधी एकाने फळीवरून जायचे आणि प्रत्येक उजेडाच्या पत्र्यावर तांबड्या रंगाने मोठी फुली मारायची. फुली दिसली की पाय ठेवायचा नाही. हे काम नेहमी माझ्याकडे. मिस्त्री म्हणायचे, "हा शाळेत फार गेला नाही, पण याची फुली म्हणजे दगडावरची रेघ." कामाच्या कागदावर 'खुणा करणारा' म्हणून माझे नाव असते, आणि फुली राहिली तर पहिला जाब त्या नावाला.

त्या छपरावर चौदा उजेडाचे पत्रे होते. रंगाचा डबा एकच होता, तोही अर्धा. बाराव्यापर्यंत नीट पुरला. तेराव्याला काडीने डबा खरवडला ते आठवते. फिकट फुली आली. मग खाली उतरलो आणि कागदावर चौदा लिहिले. माझ्या अक्षरात चौदा आहे. पण चौदावी फुली हाताला आठवत नाही.

पडलेल्या पत्र्याचे तुकडे झाले. मी इस्पितळातून परत येईपर्यंत कुणीतरी झाडूनही टाकले होते. त्यावर रंग होता की नव्हता, कोण सांगणार?

दादाने सांगितले, खूण होती. तो खोटे कशाला बोलेल, तेही साडेचार लाखांवर पाणी सोडून? त्याने पाहिली म्हणजे होती. मी मारली असणार. रोज सकाळी मी असेच म्हणतो आणि कामावर जातो.

डबा रिकामा झाला होता हे कुणालाच सांगितलेले नाही.


११ मार्च

आईने आज आपणहून विषय काढला. तांदूळ निवडत होती, वर बघितले नाही.

"काच केवढी?"

"दोन बाय दीड."

"खालून जाळी बसव. लोखंडी, जाड. काच साफ करायला, पत्रा बघायला, कधीतरी कुणीतरी चढणारच. तो कुणाचाही पोरगा असो. माझ्या घरात वरून पडायला नको."

मी म्हटले, जाळीचे चौदाशे पन्नास होतील.

"जाळीचे मी देते. तुझ्या काचेचं तू बघ."

आतून आवाज आला, "तिला सांग, गज लांब लांब घाल म्हणावं. नाहीतर मला तुरुंगात असल्यासारखं वाटेल."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याला सांग, पळून कुठे जाणार आहेस?"

मी हा निरोप पोचवला नाही. तसाही ऐकू गेला होता.


१४ मार्च

घरमालक. "भोक तुम्ही पाडणार, गळणार माझं घर." हजार रुपये अनामत. गळले नाही तर वर्षाने परत. पावती मागितली तर म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही?" मी म्हटले, आहे, पण पावती द्या. दिली. तारीख चुकीची होती, ती दुरुस्त करून घेतली.


१७ मार्च

सायकल विकली. ३,२००. आता कामावर पायी पन्नास मिनिटे. दादाला सांगितले, चाक वाकले म्हणून दुरुस्तीला टाकली. तो म्हणाला, "दुरुस्तीवाल्याचं भलं होवो."


२२ मार्च, रविवार

काम झाले.

मिस्त्री आठला आले. दादाची खाट आधी बाहेरच्या खोलीत आणली. चौघांनी उचलली, म्हणजे मी, मिस्त्री आणि शेजारचे दोघे. दादा पडल्या पडल्या हुकूम सोडत होता. "आधी खालून आखून घे. कोपऱ्याला भोक पाडून मग काप. झालर वरच्या पत्र्याच्या खाली सरकव, वर नको, नाहीतर पाणी आत." मिस्त्री वरून म्हणाले, "अरे, तुला हे शिकवलं कुणी?" दादा म्हणाला, "होता एक म्हातारा. त्याच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा, म्हणून पाठ झालं."

साडेदहाला पत्र्याचा तुकडा निघाला. खोलीत उजेड उभाच्या उभा पडला. मी खाली होतो. पहिल्यांदा दिसली ती धूळ, मग भिंती. मला वाटायचे त्या पिवळ्या आहेत. त्या काळ्या आहेत. खाट असते त्या बाजूला भिंतीवर हातभर उंचीवर बोटांचे डाग होते, ओळीने, एकाशेजारी एक. दादा तिथे धरून स्वतःला सरकवायचा प्रयत्न करत असणार. आम्ही घरात नसताना.

आई फडके घेऊन आली. बाकी सगळी भिंत पुसली. ते डाग ठेवले.

मिस्त्रींना सातशे दिले. आठशे राहिले. म्हणाले, "सवडीने दे." जाताना खाटेपाशी उभे राहिले, काही बोलायचे असावे. दादाच म्हणाला, "काम बरं जमलं तुम्हाला. ठेवून घेईन कामावर." मिस्त्री टोपी घालून गेले.


२३ मार्च

अर्धी रजा घेतली, ऊन कुठे पडते ते टिपायला.

११.२० — पावलांवर.
१२.१० — गुडघ्यांवर.
१२.५० — उजव्या तळहातावर.

पावलांवर ऊन आले तेव्हा दादा मान उचलून बघत राहिला. "गरम आहे का रे?" त्याने मला विचारले. मी हात लावून सांगितले, हो, चांगले गरम आहे. तळहातावर यायला दीड तास लागला. तोवर त्याने हात तिथेच उताणा ठेवला होता. आल्यावर मूठ मिटली.

माझी चूक झाली. भोक दोन फूट अलीकडे घेतले असते तर ऊन सकाळीच हातावर आले असते. मोजले सगळे, हे मोजले नाही. दादा म्हणाला, "भोक हलवण्यापेक्षा खाट हलव, शहाण्या." हलवली.


२४ मार्च

आई चादर बदलता बदलता थांबली. दादाच्या कानांजवळचे केस पांढरे झाले आहेत. बल्बखाली दिसले नव्हते. तिने तिथे बोट लावले. तो डोळे मिटून पडून राहिला.

माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याला सांग, आज दाढी करून देते."


२७ मार्च

सकाळी वर चढून काच पुसली. पाच दिवसांत एवढी धूळ. महिन्याभरात ती वरून पत्र्यासारखी दिसेल. उद्या घरमालकाचा माणूस आला, मांजरामागे पोर चढले, त्याला काय कळणार?

तांबड्या रंगाचा डबा आणला. २४० रुपये, लहान मिळाला नाही. काचेच्या चारही कडांना पट्टे आणि आरपार एक फुली. बारीक मारली, उजेड अडू नये म्हणून. दोन हात दिले. डबा जवळजवळ भरलेलाच राहिला.


२८ मार्च, शनिवार. दुपारी साडेबारा.

दादाच्या अंगावर फुलीची सावली पडली होती, छातीवर. तो बराच वेळ वर बघत होता. मी ताट उचलत होतो.

म्हणाला, "या वेळी रंग पुरला वाटतं."

मी ताट खाली ठेवले. किती वेळाने विचारले ते टिपले नाही. "तुला माहीत होतं?"

"पाय ठेवला तेव्हाच कळलं की."

"मग तसं का लिहून दिलंस?"

"कागदावर नाव तुझं होतं ना रे." मग म्हणाला, "सरक तिकडे. ऊन अडवतोयस."

खर्च: काच २,६००. चौकट, झालर १,१५०. सिलिकॉन ३८०. स्क्रू, वायसर १२०. जाळी १,४५०. मिस्त्री १,५००. अनामत १,०००. रंग २४०. एकूण ८,४४०.

भागवले: सायकल ३,२००. साठवलेले २,९९०. आई १,४५०. एकूण ७,६४०.

देणे: मिस्त्री ८००.
दादा ४,५०,०००. आणि आईचे सहा महिन्यांचे बोलणे. ते आज फेडतो, ती बाजारातून आली की.