छाटलेले शेंडे

टॅलो क्रीक, अलाबामा
९ जून १९८६

ति. अर्लीनताईस,
सा. न. वि. वि.

राहतं घर, पुढचा ओटा, विहिरीवरची शेड, जेवणाचं टेबल, आईच्या शवपेटीच्या कड्या हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. सुताराला उंबरा ओलांडू दिला नाही. आणि उतारावरची ती ओकपानी हायड्रेंजियाही मी बियांपासून वाढवली, म्हणून अगदी तिच्यासारखी दुसरी कुठेच नाही. तिचं बी म्हणजे धूळ. पेरताना शिंक आली की वर्ष वाया. मे महिन्यात हातभर लांब पांढरे घोस, जुलैत ते गुलाबी, मग वाळून तपकिरी. थंडीत ओकसारखी ती पानं जांभळट लाल होतात आणि इतरांची गळून गेली तरी हिची फेब्रुवारीपर्यंत टिकतात. त्यानंतर दालचिनीसारखी सुटणारी साल आहेच. वर्षातला कुठलाही दिवस घे, ती बघण्यासारखीच असते.

मॉन्टगोमेरीचा एक नर्सरीवाला ऑगस्टात ती विकत घ्यायला येतोय. अट एकच, हिचं दुसरं रोप कुणाच्याही अंगणात नको. आणि काल बघतो तर मागच्या बाजूचे कोवळे शेंडे छाटलेले! हरणाने खाल्ले असते तर फाटले असते. हा काप पेराच्या बरोबर खाली आहे, एका झटक्यात घेतलेला. कलम करणाऱ्याचा हात.

गेल्या रविवारी तुम्ही दोघं जेवायला होतात. ड्युईदाजी पाय मोकळे करतो म्हणून ओढ्याकडे गेले ते बऱ्याच वेळाने आले, दोन्ही हात खिशात. मी आरोप करत नाही. खिशात काय होतं एवढंच विचारतो.

माया आहे तशी ठेव, पण उत्तर खरं दे.
तुझा धाकटा,
ऑर्विल


सेल्मा
१४ जून

चि. ऑर्विल यास,
अ. उ. आ., पण आज जरा हात आखडूनच.

खिशात तुझ्याच टेबलावरची बिस्किटं होती. डॉक्टरांनी लोणी बंद केलंय म्हणून माझा नवरा ओढ्याकाठी लपून ती खात बसला होता. तुझं पत्र वाचल्यावर त्याने कबूल केलं. आता दोघांचीही तोंडं फुगली आहेत, एकाचं माझ्यावर आणि एकीचं तुझ्यावर.

अरे, चोर ठरवायचा तर निदान अक्कल असलेला तरी ठरव! याच माणसाने फेब्रुवारीत माझी हायड्रेंजिया हजामत केल्यासारखी छाटली. गेल्या वर्षीच्या लाकडावर फूल येतं हे ज्याला ठाऊक नाही, तो पेर कसला शोधतोय? यंदा माझ्या दारात नुसत्या काठ्या उभ्या आहेत.

आणि एक विचारू? आजवर कुणाला त्या झाडाची एक काडी तरी दिलीस? मी मागितली तर म्हणालास, ताई, तुझी माती वाईट आहे.

तरीही तुझीच,
अर्लीन


टॅलो क्रीक
८ जुलै

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

दाजींबद्दलचे शब्द मागे घेतो, बिस्किटं मात्र मोजून ठेवीन.

प्रकरण आता छाटण्यावर थांबलेलं नाही. झाडाची पानं लोंबू लागली आहेत. सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो तरी तहानलेलंच दिसतं. कुणीतरी मुळाशी काहीतरी ओतलंय. काल शेजारच्या ओडेसा टॉल्बर्टबाई पाउंड केक घेऊन आल्या. ओट्यावर तासभर बसल्या आणि झाडाकडे एकदाही पाहिलं नाही. ज्या बाईला माझ्या छपरावरचं शेवाळ रस्त्यावरून दिसतं, तिला समोरचं मरतं झाड दिसू नये? केक उत्तम होता. संशय कायम आहे.

राग नसावा.
ऑर्विल


सेल्मा
११ जुलै

चि. ऑर्विल, आशीर्वाद.

आधी पाणी थांबव! उकरून मूळ बघ. ओकपानीला पाय ओले चालत नाहीत. कुजत असली तरी तहानलेलीच दिसते. हे मला तूच शिकवलंस, नाताळच्या जेवणात, टर्की गार होईपर्यंत.

आणि केकची ताटली रिकामी परत करू नकोस.

काळजीत,
ताई


टॅलो क्रीक
२४ ऑगस्ट

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

मूळ काळं पडलं होतं. बोटांत धरलं तर कुस्करलं. कुणी काही ओतलं नव्हतं. जे ओतलं ते मीच. झाड गेलं.

ताटलीत टोमॅटो भरून ओडेसाबाईंकडे गेलो, डोळे मात्र उघडे ठेवून. मागच्या ओसरीच्या सावलीत लोणच्याच्या काचेच्या बरण्या उपड्या मांडलेल्या, आणि प्रत्येकीखाली मुळं फुटायला मातीत खोचलेली काडी, तिला ओकसारखं पान! मी ओरडायला तोंड उघडलं. बाई चवळीच्या शेंगा सोलत होत्या, जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, ये, फार उशीर केलास. चोरी कशाला केली म्हणून विचारलं तर म्हणतात, मग काय मागायचं होतं? मागितलं असतं तर तू दिलं नसतंस. आणि चुकून दिलं असतंस तर मला आभार मानावे लागले असते, आणि आभार मानलेलं रोप कधी जगलंय का रे? चोरलेलंच धरतं. तुझ्या आईचा अख्खा गुलाबांचा वाफा माझ्या कुंपणातून चोरलेल्या काड्यांवर उभा राहिला, मी कधी बोलले?

मी त्यांचा छाटायचा चाकू मागून बघितला. माझ्या चाकूपेक्षा धार चांगली आहे.

गेल्या वर्षी मी तापाने पडलो होतो तेव्हाही त्यांनी एक शेंडा नेला होता. तो आता त्यांच्या नवऱ्याच्या थडग्यापाशी गुडघाभर झालाय. एक बरणी तुझ्या नावाची आहे. पोचली की चुकूनही आभाराचं पत्र लिहू नकोस. मीही एक आणली. म्हणजे बाई मुद्दाम पाठ फिरवून शेंगांची टोपली शोधत राहिल्या आणि मी ती उचलली. माझंच झाड, ताई, आणि मला चोरावं लागलं. यावेळी उंचावर लावीन, पाणी हात राखून.

दाजींना नमस्कार. लोणी मिळो न मिळो, या रविवारी दोघंही जेवायला या.

तुझा,
ऑर्विल

ता. क. नर्सरीवाला गुरुवारी येऊन गेला. त्याला सगळ्या बरण्या हव्या होत्या, तुझी धरून, आणि थडग्याजवळचं रोपही उपटून हवं होतं. ओडेसाबाई म्हणाल्या, झाड तुझं, तूच ठरव, आणि आत निघून गेल्या. त्याने अकरा हजार डॉलर देऊ केले. मी नाही म्हटलं.