टपावरच्या तंबूत कोन हाय

सोमवार, ४ ऑक्टोबर १९९९. यवत.

आलो एकदाचा. शिरूरहून चौफुल्यापर्यंत एष्टी, तिथनं कांद्याच्या टेम्पोत गोन्यांवर बसून. डायवरनं वर चहा पाजला, कारन मी त्याचा हात बघितला आन् त्याच्या नशिबात तीन लग्नं सांगितली. ही मस्करी न्हाई, सेवा हाय.

वही अम्मीनं दिलीय. म्हनाली, आरिफ, तुझ्या तोंडावर माझा इस्वास न्हाई. रोजचं लिहून आन, तहमीना मला वाचून दाखवंल. वही बघितल्याबिगर उंबऱ्याच्या आत घेनार न्हाई. आता एवढं काय झालं व्हतं? शिरूर स्टँडच्या फळ्यावर मी खडूनं लिहिलं, आज पाबळ गाडी बंद. तीस मान्सं पायी निघाली. त्यात तहमीनाचा व्हनारा सासरा निघाला, हे मला काय ठावं.

रविवारी २४ ला माझ्या या बहिनीचा निकाह. तवर मी गावाबाहेर. एक जरी मस्करी कानावर आली तर निकाहला यायचं न्हाई, अशी बोली हाय.

गॅरेज हरिबा आप्पांचं, हायवेला लागून. आप्पा साठीचे, बोलनं कमी. अनसामावशी त्यांची बायको. पहिल्याच जेवनात तिनं न इचारता चौथी भाकरी वाढली. मान्सं चांगली हायेत.

मंगळवार, ५

मला वाटलं हातात पाना मिळंल. मिळाला ब्रश.

पुन्याच्या एका सायबाची जीप हितं ठेवलीय, साहेब परदेशात. जीपच्या टपावर कॅरेज, आन् कॅरेजवर घडीचा तंबू. शिडी वढली की फळी उलगडती आन् वर खोली उभी ऱ्हाती, दोन मान्सं झोपतील अशी. मिटला की जाड गादीयेवढा. साहेब येईपर्यंत मंगळवारी आन् शुक्रवारी उघडायचा, साफ करायचा, न्हाईतर कापडाला बुरशी लागती.

आधी सुका ब्रश. मग नुसतं पानी. साबन न्हाई, साबनानं कापड पानी प्यायला लागतं. काळा डाग दिसला की लिंबू. उन्हात वाळवायचा, हात लावून बघायचं, गार लागलं तर मिटायचं न्हाई. दाराच्या चेनीवर मेनबत्ती घासायची. चेन आतनं वढायची पट्टी तुटलीय, ती बसवून घे म्हनाले आप्पा. उद्या बसवतो.

मिटायच्या आधी आप्पा खाली उभं ऱ्हाऊन तीनदा इचारतात, आत कोन हाय का. दरवेळी थांबून ऐकतात. मग फळी उचलायची, वर रेक्झिनचं कव्हर, त्यावर चार पट्टे करकचून. मी म्हनलं, आप्पा, मीच तर आत्ता झाडून उतरलो. ते म्हनाले, मागं मांजराची पिल्लं ऱ्हायली व्हती आत. चार दिसांनी कळलं. इचारायला काय पैसं पडत्यात?

शुक्रवार, ८

तहमीना, हे पान अम्मीला वाचून दाखवू नगं.

आप्पांनी तिसऱ्यांदा इचारलं तवा मी जीपच्या पलीकडं चाकाआड बसलेलो. बारीक आवाजात म्हनलं, हाय की, आप्पा.

आप्पांच्या हातनं शिडी सुटली. वर चढले, गादी उलटी केली, उतरले, परत चढले. समोरच्या धाब्यावरची पोरं बाजंवर लोळायला लागली. मी बाहेर येऊन मुजरा केला.

आप्पा चिडले असते तर बरं झालं असतं. हळू म्हनाले, तू हाय म्हनलास, म्हंजी एक मानूस वर चढवलास. ज्यानं चढवला त्यानंच उतरवायचा. खाली शिडीपाशी उभा ऱ्हा आन् तीनदा म्हन, उतर. वर मातर चढू नगं. मी म्हनलं, आप्पा, त्यो मीच व्हतो की. ते म्हनाले, मंग तर लवकर उतरव.

पोरं बघत व्हती. रिकाम्या तंबूला उतर म्हनलो असतो तर यवतमधी तोंड दाखवायला जागा ऱ्हायली नसती. न्हाई म्हनलो.

मंगळवार, १२

तंबू आतनं वला. वरच्या कापडाला थेंब. शुक्रवारी कडकडीत वाळवून मिटला व्हता, पाऊस न्हाई, कव्हर फाटलं न्हाई. बंद गाडीत कोन झोपलं की सकाळी काचंला तसलं थेंब येतात. आप्पांनी बोट फिरवलं, माझ्याकडं बघितलं.

मिटताना चारी पट्टे एक भोक अलीकडं बसले. कव्हर मधी फुगलंय. गादी वलीनं फुगली असंल.

शुक्रवार, १५

गादीवर घामाचा डाग. डोकं, खांदा, पोटाशी घेतलेले गुडघे. आप्पा घरात गेले तसा मी त्यावर आडवा झालो, मापायला. कुठंच उरलं न्हाई, कुठंच कमी पडलं न्हाई. माझ्या केसाच्या तेलाचा वास येत व्हता. मी तर हितं कधी झोपलो न्हाई.

जीप डाव्या अंगाला बसलीय. आप्पांनी जॅक लावून स्प्रिंगचे पाटे बघितले. पाटे ठीक हायेत.

चेनीची पट्टी बाजारात मिळंना. खरं सांगायचं तर गेलोच न्हाई.

शनिवार, १६

मावशी म्हनाली, दुपारचा तंबूत पडून गानी म्हनत जाऊ नगंस, उकडून मरशील. मी म्हनलं, मी तर पंक्चरच्या दुकानात व्हतो, आन् तंबू तर मिटलेला हाय. ती म्हनाली, मला काय येडी समजतुस का रं. तुझा आवाज मला कळत न्हाई व्हय.

मी हसलो. म्हनलं, गावलो बघा मावशी. दुसरं काय म्हननार.

मंगळवार, १९

चेनीच्या दोन्ही बाजूला ओरखडे. आतल्या बाजूनं. मेनाचे बारीक तुकडे गादीवर.

आप्पांनी तीनदा इचारलं. कोन बोललं न्हाई. पन तिसऱ्यांदा कापड आत वढलं गेलं, मानूस बोलायच्या आधी श्वास घेतो तसं. वारा न्हवता.

आप्पा म्हनाले, तुझ्या घरी लग्न हाय. याला उतरवल्याबिगर जाऊ नगं, पाठीमागं लागंल. मी कबूल केलं. शुक्रवारी करतो. धाब्यावर गिऱ्हाईक नसताना.

शुक्रवार, २२

आप्पा दौंडला प्लग आनायला गेले. मावशी रानात. तंबू झाडला, वाळवला. आजच उरकायचं, सकाळची पहिली गाडी घरी.

पोरं हटंनात बाजंवरनं. म्हनून वर चढलो. आत बसलो, बाहेरच्या पट्टीला धरून चेन शेवटापर्यंत वढून घेतली, कुनाला ऐकू जाऊ नये असं म्हनलं. उतर. उतर. उतर.

शिडी वाजली. एक एक पायरी. जीप डावीकडनं वर आली, हलकी झाली.

लई बरं वाटलं. हसलो बी. मग चेन आतनं उघडायला हात घातला आन्—

पट्टी.

नंतर

नखानं वढतोय. ओरखडे तिथंच पडतायत, मंगळवारी व्हते तिथंच.

हाका मारल्या. पोरं हसतायत. एक म्हनतंय, आरिफ्या, परत चालू का तुझं.

कापड डबल हाय. दात लागंना. चाकू खाली. चेनीच्या फटीतनं उजेड येतोय, तेवढ्यात लिहितोय. वही खिशात व्हती म्हनून—

फटफटी. आप्पा आले.

खाली त्यांच्याशी कोन तरी बोलतंय. आप्पा, तंबू वाळलाय, मिटून घेऊ, आजच घरी जातो म्हनतोय.

आवाज माझा हाय.

आप्पांनी इचारलं, उतरवलास का त्याला. त्यो म्हनाला, व्हय आप्पा. तीनदा म्हनलं.

आत कोन हाय का.

वरडलो. मी हाय, आप्पा, मी आरिफ, खरा—

परत इचारलं. परत वरडलो.

मग आप्पा म्हनाले, ऐकलंस? तुझाच आवाज काढतोय. न्हाई उतरला त्यो. ऱ्हाऊ दे त्याला आतच, मी पट्टे आवळतो. तू जा, पोरा. बहिनीचं लग्न हाय. मागं बघू नगं.

फळी उचलली. गुडघे पोटाशी. डोकं, खांदा. डागात बरोबर—

कव्हर. फट बारीक झाली.

पट्टा. एक.

चपला वाजतायत. माझ्या हायेत, शिडीखाली काढल्या व्हत्या. निघाला त्यो.

दोन.

अम्मी, त्यो दारात येईल. हसंल माझ्यावानी. तहमीनाला बी कळायचं न्हाई. तू वही माग. त्याच्यापाशी न्हाई. तू म्हनलीस ना, वही बघितल्याबिगर आत—

तीन.

आत घेऊ नगं अम्मी, वही हितं माझ्या हाता