मधल्या खोलीतली बाग आणि बुजवलेलं दार

मी, सिद्धू बिरा सरगर, वय बहात्तर, माजी हवालदार, हल्ली धंदा काही नाही, राहणार हिवरमळा, तालुका जत, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र आज लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मोडला आहे तो खुबा, त्याचा डोक्याशी संबंध नाही. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

मी सांगतो आणि वकील पल्लवी ढोबळे लिहून घेतात. मध्येच त्या म्हणतात, आबा, हे कायद्यात बसत नाही. मी म्हणतो, बसत नसेल तर उभं राहू दे, पण लिहा.

१. माझी पत्नी अंबूबाई तीन वर्षांपूर्वी वारली. एकुलता मुलगा अमृत, साताऱ्याला कंपनीत नोकरीस, आणि त्याची बायको प्रांजल. याशिवाय मला वारस नाही.

२. चार एकर कोरडवाहू जमीन अमृतला. अट एकच. बांधाच्या कडेने केरबा मोटे याच्या मेंढरांची वाट आहे, ती बंद करायची नाही. तार ओढायची नाही, डाळिंब लावलं तरी नाही.

३. बँकेतली ठेव आणि पितळेची भांडी अमृत व प्रांजल यांनी निम्मी निम्मी घ्यावीत. पदकं ट्रंकेत आहेत. नातवंड झालं तर त्याला खेळायला द्यावीत, काचेत लावू नयेत.

४. घर अमृतचं. पण मधली खोली आणि तिच्यातली बाग यांच्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण हे मृत्युपत्र तेवढ्यासाठीच आहे. ती बाग मोडायची आहे आणि त्या खोलीचं पश्चिमेचं दार, जे मी विटा घालून बुजवलं, ते उघडायचं आहे. अमृतजवळ मी एकदा विषय काढला होता. तो म्हणाला, "आबा, ती आईची बाग हाय. माज्या जिवात जीव हाय तवर तिला हात न्हाई लावू द्यायचा." ती आईची बाग नाही. कशी नाही ते पुढे लिहितो.

५. अंबूबाई मेंढपाळाची लेक आणि मेंढपाळाचीच सून. मी पलटणीत होतो तेव्हा माझ्या वडिलांची मेंढरं तिने एकवीस वर्षं राखली. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून पाटणच्या डोंगरापर्यंत जायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. अमृत वाटेवरच जन्मला. पेन्शनवर आलो आणि तिला न विचारता मी मेंढरं विकली, स्लॅबचं घर बांधलं. वाटलं, बाई खूश होईल. तिने उंबऱ्यात उभं राहून वर बघितलं आणि म्हणाली, "आवं, ह्या पेटीत मला झोप यायची न्हाई." पुढची वीस वर्षं ती स्वयंपाक आत करायची आणि झोपायची पश्चिमेच्या अंगणात, हिवराच्या झाडाखाली, घोंगडं टाकून. मी आत पंख्याखाली. वस्ती हसायची, मीही हसायचो.

२०१८ च्या मार्चात तिला अर्धांगवायू झाला. मिरजेच्या दवाखान्यात महिना काढला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, उन्हाला जपा. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या खाली नसतो. तिची खाट मधल्या खोलीत टाकली आणि मी ठरवलं, बाईला बाहेर जाता येत नाही तर बाहेरचं आत आणू.

हे काम मला येत होतं. बिकानेरला एका साहेबांच्या बंगल्याची बाग माझ्याकडे होती. बाहेर वाळू तापलेली आणि आत दिवाणखाना हिरवागार. उन्हाची बाजू बंद ठेवायची आणि उत्तरेचा उजेड घ्यायचा. कुंड्या सुट्या ठेवायच्या नाहीत, दाटीने ठेवायच्या, म्हणजे एकीचा ओलावा दुसरीला मिळतो. खाली पत्र्याच्या ताटात खडी आणि पाणी, खिडकीला वाळ्याचा पडदा. सगळं तसंच केलं. स्लॅबवर चुना मारला, तीन भिंतींना लोखंडी मांडण्या ठोकल्या. मनी प्लांट, स्नेक प्लांट, छोटे पाम लावले, पाटणहून नेचे आणले. पाणी टँकरचं, म्हणून तांदळाचं धुवण, भाजीचं धुवण, सगळं कुंड्यांना. नेचे मात्र दोनदा करपले. पश्चिमेच्या दारातून दुपारची झळ यायची. तेव्हा मी ते दार चौकटीसकट काढलं, विटा घातल्या आणि गिलावा केला. नेचे जगले. बाहेर बेचाळीस असताना आत एकतीस. भिंतीवर थर्मामीटर लावला होता, तो मी पाहुण्यांना दाखवायचो.

त्या दारातून तिला हिवर दिसायचा आणि संध्याकाळी केरबाची मेंढरं परतताना दिसायची. हे मला माहीत होतं.

६. तिच्या तोंडात एकच शब्द राहिला होता. "भाईर." कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला तो समजला नसेल. पहिल्या दिवसापासून समजला होता. मी म्हणायचो, "उद्या नेतो. आज ऊन लय हाय." पावसाळ्यात ओल असायची, थंडीत गार वारं. अशी चार वर्षं गेली. खाट उचलायला दोन माणसं लागतात आणि केरबा हाकेच्या अंतरावर होता.

खरं कारण आता लिहितो. ती बाहेर गेली असती तर बाग केली कोणासाठी? जतहून, सांगलीहून लोक बघायला यायचे. म्हणायचे, हवालदार, बायकोसाठी असं करणारा माणूस बघितला नाही. एका बागप्रेमी मंडळाने ढाल दिली. चोवीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी ढाल दिली नव्हती.

केरबा एकदाच आत आला. त्याने बागेकडे बघितलं नाही, अंबूबाईपाशी बसला. उठताना म्हणाला, "सिद्धू, वैनीला भाईर काढ रं. ऊन न्हाई तिला मारत, तुजं छप्पर मारतंय." मी त्याला म्हटलं, परत माझा उंबरा चढू नको. तीन वर्षं आम्ही बोललो नाही. पण संध्याकाळी भिंतीपलीकडून जाताना तो मेंढरं मुद्दाम रेंगाळत न्यायचा. मला आवाज यायचा, मी रेडिओ लावायचो.

१९ मे २०२२ ला दुपारी अंबूबाई गेली. थर्मामीटर एकतीसच दाखवत होता. साताऱ्याहून अमृत येईपर्यंत तिला अंगणात ठेवलं. साडेतीन तास ती उन्हात होती आणि ऊन आहे असं कोणी म्हटलं नाही, मीही नाही.

७. गेल्या जानेवारीत मी न्हाणीत घसरलो. मिरजेत ऑपरेशन झालं, पण आता पायावर उभा राहीन असं वाटत नाही. अमृतने मला मधल्या खोलीत त्याच जागी, त्याच खाटेवर ठेवलं. म्हणाला, आईच्या बागेत बरं वाटेल.

पहिल्या दुपारी मान वळवून बघितलं. एकही झाड दिसेना. मांडण्या मी चार फुटांपासून वर ठोकल्या आहेत. पलटणीत तसंच शिकवतात, इन्स्पेक्शनला साहेब उभा असतो, सगळं त्याच्या नजरेच्या रेषेत हवं. खाटेवरून दिसतात ते ताटांचे गंजलेले तळ, मांडणीचे अँगल आणि वर स्लॅब. मी दिवसातून दोनदा पाणी घातलं, एकेक पान ओल्या फडक्याने पुसलं, पण चार वर्षांत एकदाही तिच्याशेजारी आडवा झालो नाही. तिने ती बाग कधी पाहिलीच नाही. ती गंजलेला पत्रा बघत पडली होती आणि मी तिला विचारायचो, छान दिसतंय ना.

अमृत दर शनिवारी येतो, पानं पुसतो आणि म्हणतो, आईला किती आवडायची. मी मान हलवतो.

८. सबब माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे करावं. तेराव्याच्या आत विटा काढून दार मोकळं करावं, पुन्हा चौकट बसवली नाही तरी चालेल. मांडण्या भंगारात द्याव्यात. ढाल मंडळाला परत करावी आणि कारण विचारलं तर हा कागद दाखवावा.

कुंड्या आणि माझी बागेची वही प्रांजलला. पोरीला साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये अशी बाग करायची आहे, तिला हौस आहे आणि हात चांगला आहे. वहीतलं सगळं बरोबर आहे, फक्त सुरुवातीला एक पान जोडावं. खोलीत जे माणूस राहणार त्याची खाट आधी मांडावी. आपण तिच्यावर तासभर पडावं. मग पहिली कुंडी कुठे ठेवायची ते ठरवावं.

अंबूबाईचं घोंगडं केरबाला. त्याला साक्षीदार करायचं होतं, पण ज्याला काही द्यायचं त्याची साक्ष चालत नाही म्हणे. केरबा, तू बरोबर होतास. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं.

९. वकीलबाई इथे थांबल्या आणि म्हणाल्या, "आबा, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच चालतं. दार तुमच्यासाठी उघडायचं असेल तर आजच अमृतला सांगा."

खरं आहे. सांगितलं तर तो उद्या दार फोडेल आणि मला आभाळ दिसेल. पण त्याची आई चार वर्षं हिरवळीत होती, एवढ्याच आधारावर त्याने तिचं मरण सोसलं आहे. तो माझ्या डोळ्यांदेखत मोडला तर ते मला बघवणार नाही. मी भित्रा आहे. म्हणून हा कागद बंद पाकिटात राहील आणि मी गेल्यावरच उघडला जाईल. तोवर मी या खाटेवर आहे.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. सहीपुरती तरी खाट अंगणात घेऊ, असं दोघेही साक्षीदार म्हणाले. संध्याकाळ झाली होती, वारं सुटलं होतं, आणि माझी शुश्रूषा करणाऱ्या बनुबाईने खाटेचा पाय धरलासुद्धा. मी नको म्हटलं. अंबूबाईला नेलं नाही, आता मी कोणत्या तोंडाने जाऊ?

सही: सिद्धू बिरा सरगर (पडून केली आहे, म्हणून वाकडी)

साक्षीदार:
१. नानासो गणपती माळी, निवृत्त शिक्षक, हिवरमळा. सही.
२. बनुबाई तुकाराम ऐवळे, माझी शुश्रूषा करणारी, हिवरमळा. डाव्या हाताचा अंगठा.

लिहून घेणार: ॲड. पल्लवी कृष्णात ढोबळे, जत.

स्थळ: हिवरमळा, राहत्या घराची मधली खोली.
दिनांक: ६ मे २०२५.