पाकिटावरचा शेरा

नारपोली, ९ ऑगस्ट २०२४

चि. भाविक,

सकाळी पाणी उशिरा आलं. कपडे धुतले, डाळ लावली. साडेअकराला पोस्टमन रामनाथकाका आले.

तुझं लायसन आठवड्यापूर्वीच आलं. तेव्हा काका भातलावणी करून गणेशपुरीहून नुकतेच परतले होते. तू गेलास हे त्यांना माहीत नव्हतं. "आक्का, बोलव तुझ्या डायवरसायबाला. हे ज्याचं त्याच्याच हातात द्यायचं असतंय. दोनदा नापास झालेला, आता पेढे घेतल्याबिगर देत न्हाय."

मी म्हटलं, "ड्युटीवर गेलाय."

मग मी रोज तेच सांगत राहिले. तुझ्या चपला दिसू नयेत म्हणून त्या पलंगाखाली सरकवल्या. अकरा वाजले की मी दाराशी येरझारा घालायचे. कोणीतरी तुझ्या नावाने हाक मारत येतंय, एवढंच बरं वाटायचं.

आज काका म्हणाले, "सात दिवस झाले. आता शेरा मारून परत पाठवायला लागल. 'घरी नाही' लिहू?"

मला पुन्हा हो म्हणता आलं असतं.

"'मयत' लिहा, काका."

त्यांचं पेन थांबलं. "कवा?"

"तीन आठवडे झाले. ताप होता."

ते उंबऱ्यावर बसले. मग त्यांनी लिहिलं, पाकीट एकदा माझ्या हातात दिलं आणि परत घेतलं.

ते गेल्यावर मी तुझ्या चपला बाहेर काढल्या, पुसल्या आणि दाराशी आधी होत्या तिथेच ठेवल्या.

तुझी,
आक्का