कोपऱ्यातला लाल डाग

गुरुवार, संध्याकाळ. मंगळवार पेठ.

आज पिनबॉलचं मशीन सुरू झालं. दादाच्या कोल्ड्रिंकच्या दुकानातलं. तो गेल्यापासून बंदच होतं. जुने बल्ब काढून एलईडी बसवले, आतली फळी स्पिरिटनं लख्ख पुसली, रंग आणखी झिजू नये म्हणून वर पारदर्शक शीट टाकली.

हौसेनं वहिनींना बोलावलं. बटण दाबलं. त्यांनी दिव्यांकडं बघितलंसुद्धा नाही. काचेवर, डाव्या कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाल्या, "भावजी, हितला ह्यांचा अंगठा कुठं गेला?"

दर खंडेनवमीला दादा काच उचलून तिथं खालच्या फळीवर अंगठ्यानं कुंकू लावायचा. मी शेजारी ताट धरून उभा असायचो की! तरी तो लाल डाग मला गंजाचा वाटला. निघेना म्हणून दोनदा घासला. हात कसा थांबला नाही माझा?

"रोज दुकानात येऊन तेवढंच बघून जायचे मी," म्हणाल्या, आणि गेल्या.

त्या आल्या आल्या मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "वहिनी, आता ह्यातलं काही पुसलं जाणार न्हाय."