जॉइंटवरचा शेंदूर

बाबा, मारुतीच्या फोटोमागचा तुमचा शेंदराचा डबा आज सकाळी मी उघडला. झाकण गंजून घट्ट बसलं होतं, पान्ह्याने ठोकावं लागलं. तुम्ही गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मीही नाही.

परवा अड्याळचाच एक पिकअपवाला आला होता. धानाच्या रोवणीच्या बायकांना तो रोज शेतावर पोचवतो. म्हणाला, "मिस्त्री, मागून लय उसळते. अन् साठच्या वर गेलो का पुरी गाडी थरथरते." मी वाकून पाहिलं. मागचे दोन्ही शॉकअप तेल गाळून मेले होते. ते बदलले, मागच्या उघड्या डाल्यावर चढून दोन उड्या मारल्या, गाडी जागीच शांत झाली. "जा आता," म्हटलं. थरथरीचं त्याने सांगितलेलं मी ऐकूनही ऐकलं नाही. तुम्ही म्हणायचे, उसळी रस्त्यातून येते आणि थरथर गाडीच्या पोटातून, दोघींना एका दावणीला बांधू नये. मी बांधलं आणि वरून निवांत चहा प्यायला गेलो.

आज सकाळी तो पुन्हा दारात. या वेळी डाल्यात बारा-तेरा बायका बसलेल्या, शेतावर निघालेल्या. त्यातली एक म्हातारी कठड्याला धरून मला म्हणाली, "उसळत नाही आता, बापू. पण पायाले झिनझिन्या येऊन राहिल्या. खालून लोखंड बोलून राहिलं." इतकी वर्षं मिस्त्री म्हणवून घेतो, पण मला जे कळलं नाही ते तिच्या तळपायांना कळलं होतं. मी सगळ्यांना खाली उतरवलं. त्या चिडल्याच. "आमची रोवणी का तू करशीन?" एक जण म्हणाली. खरंच होतं, शेताच्या बांधीत चिखल तयार होता, रोपांचे पऱ्हे उपटून ठेवले होते. पण मी तोवर गाडीची किल्ली मागून घेतली होती.

पिकअपवाल्याला शेजारी बसवून मी पवनीच्या रस्त्याला निघालो. चाळीस, काही नाही. पन्नास, काही नाही. साठला आरशातलं झाड पुसट झालं आणि सीटखालून थरथर चढत पाठीत आली. तुम्ही शिकवलं तसं गिअर काढून गाडी नुसती सोडून दिली. इंजिनचा आवाज पडला, थरथर तशीच राहिली. म्हणजे इंजिन नाही. मागची चाकं उचलून फिरवायची मी गॅरेजमध्ये फिरवली, पण ते आपलं मनाच्या समाधानासाठी. दोष कुठे आहे हे मला गाडीखाली जाण्याआधीच कळलं होतं, कारण महिन्यापूर्वी त्याच गाडीचा, मागच्या चाकांना फिरवणाऱ्या लांब दांड्याचा जॉइंट खोलून त्यात नवा क्रॉस मीच टाकला होता.

खाली आडवा झालो. जॉइंटच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे कान एका रेषेत नव्हते. एका दात्याने फिरलेले. महिनाभर तो लांब दांडा तसाच वेडावाकडा फिरत होता. मधल्या बेअरिंगचं रबर फाटलं होतं, चारपैकी दोन बोल्ट बोटाने फिरत होते. आणखी दोन दिवसांनी दांडा सुटून डांबरात रुतला असता आणि वर तेरा बायका होत्या. बाबा, मी तिथेच पडून राहिलो.

तुम्हाला आठवतं का ते मला माहीत नाही. आयटीआयचा कागद घेऊन मी नुकताच गॅरेजमध्ये उभा राहायला लागलो होतो. जॉइंट खोलायच्या आधी तुम्ही त्याच्या दोन्ही भागांना शेंदराचा एकेक टिळा लावायचे. तेलकट लोखंडाला काय देव करून ठेवलंय, म्हणून माझ्या शिकलेल्या डोक्याला लाज वाटायची. त्या दिवशी तुम्ही जेवायला घरी गेलात आणि मी डिझेलच्या बोळ्याने दोन्ही टिळे पुसून दांडा चकचकीत केला. अंदाजाने बसवला. ज्याची गाडी होती तो सिहोऱ्याचा धानाचा व्यापारी दुसऱ्याच दिवशी तणतणत परत आला. तुम्ही खाली जाऊन पाहिलंत, बाहेर आलात, आणि माझ्याकडे न बघता त्याला म्हणालात, "चूक माही हाय, भाऊ. मीच बसवला होता." तो गेल्यावर मला विचारलंत, "काहून पुसलं बे?" मी म्हटलं, मला वाटलं पूजा आहे. "पूजा नोहे ते. निशाणी हाय. टिळ्यासमोर टिळा आला म्हणजे कानासमोर कान येते. देवाले कायले मधात आणतं?" आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी टिळा लावला. मग कधीतरी सोडला. नजर बसली आहे म्हणे माझी.

आज नवं बेअरिंग आणलं, बोल्ट बदलले, कानासमोर कान बसवले आणि तुमच्या डब्यातला शेंदूर दोन्हीकडे लावला. पिकअपवाला खाली डोकावून म्हणाला, "पूजा करून राहिले का, मिस्त्री?" मी म्हटलं, हो. काय बिघडलं होतं, त्याने विचारलं. क्रॉस डुप्लिकेट निघाला, मी म्हटलं. म्हातारी गुडघ्यावर हात टेकून वाकली, टिळ्याला बोट लावलं, कपाळाला लावलं आणि मला म्हणाली, "तुनं जीव वाचवला आमचा." मी मान हलवली. नुसती मान हलवली, बाबा.

संध्याकाळी त्या परत येताना गाडी थांबवून खरं सांगायचं ठरवलं आणि तोवर धीर यावा म्हणून हे लिहायला बसलो. आता गाडी दारावरून निघून गेली. थरथर नव्हती, मी कान देऊन ऐकलं. कपाळाला शेंदूर लावलेल्या त्या म्हातारीने मागून हात वर केला. मीही केला.